युक्लिड ॲव्हेन्यूवरचा हिरवा दिवा

अमेरिकेत मुलांकडे सहाएक महिने राहायला गेलेल्या आईवडिलांचं काय होतं ते आता सगळ्यांना पाठ झालंय. सकाळी मुलं कामावर, मग घरात आपण दोघं, फ्रीजची घरघर आणि खिडकीतून दिसणारं लॉन. बाहेर पडावं म्हटलं तर जायचं कुठे, आणि कसं? गाडी येत नाही, आली तरी त्या उलट्या बाजूच्या ट्रॅफिकमध्ये घालायची हिंमत नाही, कित्येक ठिकाणी फुटपाथसुद्धा नसतो, आणि संध्याकाळी मुलं दमूनभागून येतात आणि म्हणतात, आई, वीकेंडला जाऊया ना सगळे. माझी एक मैत्रीण टेक्सासात मुलाकडे चार महिने राहून आली, तिला विचारलं काय पाहिलंस, तर म्हणाली कॉस्टकोचं दुकान.

माझं नशीब जरा बरं. लेक क्लीव्हलंडला असते, ओहायो राज्यात, इरी लेकच्या काठावर. भारतातून कुणी मुद्दाम बघायला जाईल असं शहर नाही ते, स्वतः क्लीव्हलंडवालेही आपल्या गावावर विनोद करत असतात. १९५० साली तिथं नऊ लाखांवर वस्ती होती, २०२० च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या आत आली. म्हणजे शहर आहे मोठ्या मापाचं आणि आत माणसं मध्यम मापाची. पण लेकीचं अपार्टमेंट युनिव्हर्सिटी सर्कलच्या बाजूला, तिथून पाच-सात मिनिटं चाललं की युक्लिड ॲव्हेन्यू लागतो, आणि युक्लिडवरून हेल्थलाइन नावाची बस जाते, दिवसरात्र चोवीस तास. त्या बसने मला वाचवलं असं म्हटलं तरी चालेल. ह्यांना वाचवायची गरज नव्हती, हे यूट्यूबवर कीर्तनं ऐकत बसायचे.

ही बस म्हणजे बीआरटी, बसला रस्त्यावर वेगळी लेन देतात तो प्रकार. हा शब्द ऐकला की पुणेकराच्या चेहऱ्यावर जे येतं ते माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसरवर तो प्रकार सुरू झाला, देशातला पहिला म्हणून गाजावाजा झाला, आणि मी तेव्हा रोज सातारा रोडवरून बँकेत जायचे, त्यामुळे त्या लेनमध्ये घुसलेल्या दुचाक्या, रस्त्याच्या मधोमध असलेला थांबा आणि तिथपर्यंत जीव मुठीत धरून जाणाऱ्या बायका हे सगळं जवळून पाहिलेलं. त्यामुळे लेक म्हणाली की आमच्याकडे बीआरटी आहे तर मी म्हटलं, असू दे बाई, मी चालत जाईन.

पण एकदा बसले, आणि मग बसतच राहिले.

आधी मला सगळ्यात जास्त काय आवडलं ते सांगते, कारण बसचा वेग बिग नंतर, माझे गुडघे आधी. स्टेशनचा प्लॅटफॉर्म बसच्या दाराइतकाच उंच आहे. बस येते, प्लॅटफॉर्मला अगदी चिकटून उभी राहते, दार उघडतं आणि तुम्ही घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसे आत जाता. पायरी नाही, दांडीला लोंबकळणं नाही, 'चला मावशी लवकर' नाही. एकदा माझ्यापुढे एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे असतील, हातात वॉकर, त्याच्या पुढच्या दोन पायांना टेनिसचे चेंडू कापून बसवलेले, ते फरशीवर घासत नाहीत म्हणून. आजोबांनी वॉकर ढकलला, चेंडू फटीवरून सरकले, आजोबा आत. कुणी हात दिला नाही, कुणाला द्यावा लागला नाही, ड्रायव्हरने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मी मात्र बघतच राहिले, कारण आमच्या सासूबाई शेवटची काही वर्षं केवळ बसच्या पायरीमुळे कुठे गेल्या नाहीत.

बसला दोन्ही बाजूंना दारं आहेत. रस्त्याच्या मधल्या भागात जिथे स्वतंत्र लेन आहे तिथे बरीच स्टेशनं मधोमध, मग डावीकडची दारं उघडतात. पुढे लेन संपली की बस कडेला येते आणि उजवीकडची उघडतात. नवखा माणूस चुकीच्या दाराशी उभा राहतो आणि आख्खी बस त्याला सांगते की इकडून नाही, तिकडून. आपल्याकडेही पुण्याच्या रेनबो बीआरटीच्या बसना उजवीकडे दारं केली होती ना, तेच, फक्त आरसा धरल्यासारखं उलट.

आता रस्त्याबद्दल. युक्लिड ॲव्हेन्यू हा काही साधा रस्ता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ह्याला मिलियनेअर्स रो म्हणायचे, दोन्ही बाजूंना बंगले, म्हणजे राजवाडेच, आणि त्यात जॉन डी. रॉकफेलरसुद्धा राहायचा. आता त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. एक सॅम्युअल मॅथरचा वाडा, तो क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीकडे आहे, आणि एका वाड्यात लहान मुलांचं म्युझियम. बाकी सगळं पाडलं, मधे पार्किंग लॉट झाले, कारखाने गेले, लोक सबर्बमध्ये गेले. रॉकफेलर मात्र युक्लिड सोडून फार लांब गेला नाही, तो लेक व्ह्यू सिमेटरीत पुरलाय आणि तिचं एक फाटक ह्याच रस्त्यावर उघडतं. लोक त्याच्या थडग्यावर दहा सेंटची नाणी ठेवून येतात, तो हयात असताना लोकांना तशी नाणी वाटायचा म्हणून. पृथ्वीवरच्या सगळ्यात श्रीमंत माणसाला मेल्यावर सुट्टे पैसे. असो.

तर अशा रस्त्यावर बस का, ट्रेन का नाही? ह्याची गोष्ट ऐकली तर आपल्याला आपलंच गाव आठवेल. १९५३ साली तिथल्या मतदारांनी डाउनटाउनमध्ये सबवे करायला साडेतीन कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना चक्क मत देऊन मंजुरी दिली होती, आणि तरी तो झाला नाही, कारण काउंटीचे इंजिनिअर अल्बर्ट पोर्टर सबवेच्या ठाम विरोधात, त्यांचं सगळं प्रेम फ्रीवेवर. १९५४ मध्ये शहरातली शेवटची ट्राम बंद झाली. १९५५ ला रेड लाइन नावाची गाडी सुरू झाली, ती अजून चालते, १९६८ पासून थेट विमानतळापर्यंत जाते, आणि हे असं करणारं ते उत्तर अमेरिकेतलं पहिलं शहर. पण ती जाते जुन्या मालगाड्यांच्या रुळांशेजारून, खड्ड्यातून, म्हणजे जिथे जमीन सोपी मिळाली तिथून. माणसं, ऑफिसं, कॉलेजं, दवाखाने सगळे युक्लिडवर. मग ऐंशी-नव्वदच्या दशकात युक्लिडसाठी पुन्हा रेल्वेचा घाट घातला, ड्युअल हब म्हणायचे त्याला, ते पैशांअभावी बारगळलं. आणि मग शेवटी, ब्राझीलच्या कुरितिबा शहरात १९७४ पासून जे चाललं होतं ते बघून ठरलं की बसच घ्या पण तिला ट्रेनसारखं वागवा.

हे 'ट्रेनसारखं वागवा' म्हणजे काय, ते नीट बघायला पाहिजे, कारण सगळं तिथंच आहे.

२४ ऑक्टोबर २००८ ला हेल्थलाइन सुरू झाली. डाउनटाउनमधल्या पब्लिक स्क्वेअरपासून ईस्ट क्लीव्हलंडच्या विंडरमिअर स्टेशनपर्यंत सातेक मैल, म्हणजे अकरा किलोमीटरच्या आसपास. रस्त्याच्या कामासकट खर्च साधारण वीस कोटी डॉलर, त्यातला मोठा वाटा फेडरल सरकारचा. आधी ह्या रस्त्यावर ६ नंबरची बस होती, दर दोन ब्लॉकला थांबणारी, आणि ह्या टोकापासून त्या टोकाला जायला चाळीस मिनिटांच्या आसपास घ्यायची. तो वेळ तिशीच्या घरात आणायचा होता. त्यासाठी काय काय केलं? थांबे कमी केले. मधली लेन फक्त बसची केली. प्लॅटफॉर्म उंच केले. तिकीट आधीच मशीनवर काढायचं आणि कुठल्याही दाराने आत जायचं, ड्रायव्हरपुढे रांग नाही. आणि चौकात बस येतेय असं कळलं की हिरवा दिवा थोडा लांबवायचा किंवा लाल जरा लवकर संपवायचा, सिग्नल प्रायोरिटी म्हणतात त्याला.

नाव विकलं ते वेगळंच. क्लीव्हलंड क्लिनिक आणि युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स, दोन्ही एकमेकांची प्रतिस्पर्धी, दोघांनी मिळून २५ वर्षांसाठी साडेबासष्ट लाख डॉलर देऊन नाव घेतलं, म्हणून हेल्थलाइन. लेक म्हणाली, आपल्याकडे असतं तर नगरसेवकाच्या आजोबांचं नाव फुकटात लागलं असतं. सकाळच्या बसमध्ये निम्मे लोक ह्या दवाखान्यांचेच असतात. निळे, जांभळे, हिरवे स्क्रब्ज, गळ्यात आयकार्ड, पायात ते भोकाभोकाचे प्लॅस्टिकचे बूट. रात्रपाळी संपवून निघालेल्या बायका काचेला डोकं टेकून झोपतात आणि त्यांचा स्टॉप आला की एक सेकंदही आधी नाही अन् नंतर नाही, बरोब्बर डोळे उघडतात. आमच्या लोकलमधल्या बायकांना हे जमतं, माझी बदली ठाण्याला होती तेव्हा मलाही जमायचं.

उद्घाटनानंतर फार कौतुक झालं. प्रवासी वाढले. बीआरटीला दर्जा देणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे आयटीडीपी, तिने हिला सिल्व्हर दिलं, तेव्हा अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याच बसला ते नव्हतं. २०१३ मध्ये त्याच संस्थेने हिशोब मांडला की ह्या रस्त्याकाठी ५८० कोटी डॉलरची बांधकामं झाली, बसवर घातलेल्या एकेका डॉलरमागे ११४ डॉलर. हा आकडा मग जगभर फिरला, प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये. मला तो आकडा जरा जास्तच गोड वाटतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन अवाढव्य दवाखाने आणि दोन युनिव्हर्सिट्या असताना त्यांनी इमारती बांधल्याच असत्या की, बस असो नसो. पण ठीक आहे, बसला थोडं श्रेय मिळालं तर मी कशाला हात आखडू, इतर वेळी बसच्या वाट्याला शिव्याच येतात.

आणि मग एकेक गोष्ट निघत गेली.

पहिल्यांदा सिग्नल. आडव्या रस्त्यांवरच्या गाडीवाल्यांनी तक्रारी केल्या की आम्हाला ताटकळावं लागतं, आणि सुरू झाल्यावर थोड्याच काळात बऱ्याच चौकांमधली प्रायोरिटी बंद झाली. बस आपल्या खास लेनमध्ये, खास रंगाच्या रस्त्यावर, आणि समोर इतर सगळ्यांसारखाच लाल दिवा. आता ह्यातली गंमत बघा. ह्याच युक्लिड ॲव्हेन्यूवर, ईस्ट १०५ स्ट्रीटच्या चौकात, ५ ऑगस्ट १९१४ ला पहिला इलेक्ट्रिक ट्रॅफिक सिग्नल लागला. जगातला पहिला म्हणून त्याचं नाव घेतात. जेम्स होग नावाच्या माणसाची रचना, लाल आणि हिरवा दोनच दिवे, पिवळा नाहीच, बदलताना बझर वाजायचा, आणि एक माणूस कडेच्या खोपटात बसून ते चालवायचा. आणि त्यात सोय काय होती, तर पोलिसांना किंवा आगीच्या बंबाला जायचं असेल तर बाकी सगळ्यांना थांबवून त्यांना वाट करून देता यायची. म्हणजे दिवा सगळ्यांना सारखा नसतो, ज्याची निकड जास्त त्याला आधी सोडायचं, हे त्या चौकाला पहिल्याच दिवशी माहीत होतं. शंभर वर्षांनी तिथून जाणाऱ्या बसमध्ये साठ-सत्तर माणसं, शेजारच्या गाडीत एक माणूस आणि त्याची कॉफी, आणि हिशोबात दोघं सारखे.

त्या चौकात मी मुद्दाम उतरून उभी राहिले होते. तिथे आता सगळीकडे क्लिनिकच्या काचेच्या इमारती आहेत, एकीतून दुसरीत जायला हवेतले पूल, माणसं पूलावरूनच जातात, खाली रस्त्यावर फारसं कुणी नसतं. सिग्नल आहे. साधा, तीन दिव्यांचा. फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, भावाने विचारलं हे काय, सिग्नलचा फोटो का पाठवलास.

दुसरी गोष्ट तिकीट. मशीनवर तिकीट काढून कुठल्याही दाराने चढायचं तर मधेमधे कुणीतरी तपासायला हवं, नाहीतर फुकटे वाढणार. आपल्याकडे चेकर येतो, खाकी शर्ट, हातात पावतीपुस्तक, दंड करतो, भांडण होतं, पुढच्या स्टॉपला उतरतो. तिथे हे काम दिलं ट्रान्झिट पोलिसांना, म्हणजे कंबरेला पिस्तूल असलेल्या माणसांना. बसमधले बहुसंख्य प्रवासी काळे, आणि अमेरिकेत पोलिसाने काळ्या माणसाला थांबवून 'दाखव' म्हणणं ही अडीच डॉलरच्या तिकिटाची गोष्ट राहतच नाही. २०१७ मध्ये क्लीव्हलंडच्या म्युनिसिपल कोर्टाने निकाल दिला की काहीही संशय नसताना पोलिसांनी असं सरसकट सगळ्यांना थांबवून तिकीट मागणं घटनेला धरून नाही. मला हा निकाल बरोबर वाटतो. पण त्यानंतर बसवाल्यांनी काय केलं, तर पुढच्या दाराने चढा आणि ड्रायव्हरला तिकीट दाखवा असं सुरू केलं. म्हणजे पाच दारांची बस आणि एका दारापुढे रांग, ६ नंबरसारखीच. तपासायला पोलिसच हवेत असं कुणी सांगितलं होतं? पुढे काही वर्षांनी साध्या गणवेशातले, बिनपिस्तुलाचे कर्मचारी नेमले, ट्रान्झिट ॲम्बॅसेडर म्हणतात त्यांना, ते सुरुवातीलाच का सुचलं नाही हे मला कळत नाही, किंवा कळतं पण ते लिहायला गेलं तर हा लेख दुसरीकडेच जाईल.

तिसरी पब्लिक स्क्वेअरची भानगड. डाउनटाउनच्या मधला हा चौक २०१६ मध्ये नवीन केला, झाडं, कारंजी, गवत, आणि मधून जाणारा सुपिरिअर ॲव्हेन्यूचा तुकडा बसगाड्यांसाठी राखायचा असं ठरलेलं. चौक तयार झाल्यावर महापौर म्हणाले सुरक्षेचा प्रश्न आहे, बस नको, वळसा घालून जा. झालं, सगळ्या बस चौकाला प्रदक्षिणा घालायला लागल्या. शेवटी फेडरल सरकारने पत्र पाठवलं, की हेल्थलाइनला आम्ही पैसे दिले तेव्हा ह्या चौकातून बस जाणार असं कबूल केलं होतंत, आता अटी मोडल्यात तर सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर परत करा. मार्च २०१७ मध्ये बस चौकातून जायला लागल्या. सरळ.

ह्या तीन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या की मला जे वाटतं ते असं. चौक बंद झाला तर तो डोळ्यांना दिसतो, पेपरात फोटो येतो, त्यावर बिल पाठवता येतं. हिरव्या दिव्याचे आठ सेकंद काढून घेतले तर कुणाला दिसत नाही. बसमधला माणूस फक्त म्हणतो आज जरा उशीरच झाला. बीआरटीमधलं जे सिमेंटचं आहे ते टिकतं, प्लॅटफॉर्म कुणी फोडत नाही, आणि जे केवळ कुणीतरी दिलेल्या सवलतीवर चालतं, दिवा, दार, रस्त्याचा पहिला हक्क, ते एकेक करून परत घेतलं जातं. कुणी खलनायक नसतो. प्रत्येक वेळी कारण रास्त असतं, आडव्या रस्त्यावरच्या लोकांचाही वेळच असतो ना, आणि कोर्टाचं तर बरोबरच होतं. तरी बेरीज केली की जवळजवळ ६ नंबर परत.

पुण्यात आपण निदान उघड केलं. नगर रोडवरचे थांबे उखडले, जेसीबी आणला, नागरिकांनी पेढे वाटले की नाही माहीत नाही पण सुटलो म्हणाले बरेच. पिंपरी-चिंचवडकडे अजून चालतं आणि तिकडे माझी भाची रोज जाते, ती म्हणते बरं चालतं. पण आपल्याकडे भांडण झालं, पेपरात रकाने भरले, सगळ्यांना कळलं की बीआरटी गेली. क्लीव्हलंडमध्ये बीआरटी आहे. बोर्ड आहे, प्लॅटफॉर्म आहे, सिल्व्हर मेडल आहे.

हे सगळं असूनही मी तिच्यातून हिंडले, आणि भरपूर हिंडले. डाउनटाउनला प्लेहाउस स्क्वेअरमध्ये रस्त्याच्या मधोमध, उघड्यावर, एक प्रचंड झुंबर टांगलंय, काचेचं वाटतं तसलं, पाऊस पडला तरी पेटलेलं. बस त्याच्या जवळून जाते आणि संध्याकाळी सगळ्यांच्या तोंडावर पिवळा उजेड पडतो. आर्ट म्युझियमला प्रवेश फुकट, आमच्या स्टॉपपासून चालत जायचं, ह्यांना तिथे चोळांचा नटराज दाखवला तर म्हणाले हा इथे कसा आला, आणि तिथून पुढे ब्रिटिश, चोऱ्या, कोहिनूर, सगळं जेवणापर्यंत पुरलं.

आणि त्यागराज उत्सव. १९७८ पासून क्लीव्हलंडमध्ये दरवर्षी ईस्टरच्या सुमाराला त्यागराज आराधना होते, भारताबाहेरच्या कर्नाटक संगीताच्या मोठ्या उत्सवांपैकी, आणि ती भरते क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीत, युक्लिड ॲव्हेन्यूवरच. आम्ही मार्चअखेर पोचलो होतो, थंडी अजून हटलेली नव्हती. लेकीला रजा नव्हती, मी म्हटलं मी जाते बसने. तिच्या मैत्रिणींनी डोळे मोठे केले. तिथल्या आपल्या लोकांमध्ये बसने जाणं हे एक तर विद्यार्थी असताना करायचं किंवा अजिबात नाही. 'काकू, सेफ नाही हो', असं सगळ्या म्हणतात, आणि कधी बसला होतात असं विचारलं तर, नाही, पण ऐकलंय. हे 'ऐकलंय' कुणाबद्दल असतं ते मला कळतं. आपण जातीवरून जे करतो तेच तिकडे जाऊन रंगावरून करायला आपल्याला वेळ लागत नाही, हे मला मोठ्याने बोलायचं होतं, पण पोरी लेकीच्या मैत्रिणी, म्हटलं जाऊ दे.

गेले. स्वेटरवर कोट, कोटाखाली जरीची साडी, पायात मोजे आणि लोकरीची टोपी, असं ध्यान. प्लॅटफॉर्मवर बारीक हिमकण उडत होते. शेजारी तमिळ जोडपं, मामी माझ्यासारखीच सजलेली, आम्ही एकमेकींच्या मोज्यांकडे बघून हसलो. बसमध्ये एका जाडजूड काळ्या बाईने, दवाखान्यातल्या किचनमध्ये कामाला असावी, डोक्याला जाळी होती, माझ्या पदराचा काठ दोन बोटांत धरून बघितला आणि विचारलं, हे हाताने करतात का. मी म्हटलं हो. किती दिवस लागतात? मी म्हटलं महिना सहज. तिने मान हलवली, म्हणाली माझी आजी क्विल्ट शिवायची, तिलाही महिने लागायचे, आणि मग ती आजी, ते अलाबामा, तिथून सगळं कुटुंब इथे कारखान्यात कामाला कसं आलं, हे सगळं मिडटाउनच्या स्टेशनांमधून मला ऐकायला मिळालं. तिचा स्टॉप मागे गेला होता बहुतेक. उतरताना म्हणाली, एंजॉय युअर चर्च. मीही बरं म्हटलं, त्यागराजांना चाललं असतं.

दुसऱ्या दिशेला, म्हणजे पूर्वेकडे, फार कुणी हौसेने जात नाही. युनिव्हर्सिटी सर्कल ओलांडलं की स्वतंत्र लेन संपते, बस कडेला येते आणि बाकीच्या गाड्यांत मिसळते. हळूहळू खिडकीतलं सगळं बदलतं. फळ्या ठोकलेल्या खिडक्या, बंद चर्च, रिकामे प्लॉट ज्यावर फक्त पायऱ्या शिल्लक, घर नाही. ईस्ट क्लीव्हलंड हे वेगळं शहर आहे, वेगळी नगरपालिका, आणि फार गरीब. शेवटचं स्टेशन लुई स्टोक्स-विंडरमिअर, ओहायोतून काँग्रेसमध्ये गेलेल्या पहिल्या काळ्या खासदाराच्या नावाचं, तिथेच रेड लाइनही संपते. मला हे बोचतं की मधली लेन, मधोमधची स्टेशनं हे सगळं दवाखान्यापर्यंत नीट आणि ज्यांच्याकडे गाडी असण्याची शक्यता सगळ्यात कमी त्यांच्या दारात नुसती बस. पण बस जाते. रात्री अडीचलाही जाते, आणि क्लिनिकमधली रात्रपाळीची फरशी पुसायला जी माणसं येतात ती तिकडूनच येतात.

आता क्लीव्हलंडमध्ये पश्चिमेला वेस्ट २५ स्ट्रीटवर दुसरी अशी बस करायचं चाललंय, मेट्रोहेल्थ लाइन, तिसऱ्या एका दवाखान्याने नाव घेतलंय. दवाखाने संपले की काय करतील देव जाणे. माझं एवढंच म्हणणं की ह्या वेळी सिग्नलचं आधी लेखी घ्या, प्लॅटफॉर्मच्या टाइल्सचा रंग नंतर ठरवा.

लेकीचं आता सबर्बमध्ये घर घ्यायचं चाललंय. मोठं किचन, मागे अंगण, शाळा चांगल्या. व्हिडिओ कॉलवर आम्हाला फिरवून दाखवलं, ह्यांना बेसमेंट फार आवडलं. मी विचारलं, बस? जावई म्हणाले, आई, तुम्ही आलात की मी नेईन ना हवं तिथे. मी म्हटलं ते वीकेंडला, मंगळवारचं काय? तर लेक म्हणाली, मंगळवारी उबर. मी तिला म्हटलंय की त्या घराची ऑफर द्यायच्या आधी मला जवळच्या बस स्टॉपचं अंतर कळव, आणि मैलात नको, चालायला किती मिनिटं ते सांग.